खणी लाकडी घर (बेळगाव सीमाभाग)

खणी लाकडी घर : खांब, तुळया आणि वासे यांच्या सांगाड्यावर उभे राहणारे, खणाच्या मापाने आखलेले लहान कौलारू घर. बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग, मुख्यतः खानापूर तालुका, हे त्याचे क्षेत्र. शेजारच्या चंदगड तालुक्यातही हीच बांधणी आढळते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. कमी लाकडात, जवळच्या मालात, पुढे सुटे करून पुन्हा वापरता येईल असे घर कसे बांधावे, या आजच्या प्रश्नाला ही बांधणी फार उपयोगी पडते.

दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. त्याची रुंदी हाती आलेल्या लाकडाच्या बेताने ठरे. आज नवा आराखडा करताना ती पाच-सहा फूट धरणे सोयीचे. हे माप लहान ठेवण्यामागे पक्के गणित आहे. तुळयांवर आडव्या टेकणाऱ्या लाकडाचा टप्पा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, दुप्पट केला आणि दर फुटावरचा भार तेवढाच राहिला, तर त्याची वाक सोळापट होते. उलट, त्या लाकडाची उंची दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून टप्पा आखूड आणि आडवे लाकूड अरुंद पण उंच, अशी रचना सर्वांत कमी लाकूड खाते. जुन्या घरांतल्या तुळया मात्र बहुधा गरजेपेक्षा बऱ्याच जाड असतात, कारण तेव्हा रान दाराशी होते. नव्या घराने जुना खण घ्यावा, जुनी जाडी घेऊ नये.

१२ × २४ फुटांचे चारखणी घर घेतले तर पुढचा खण सोपा (बसण्या-उठण्याची ओसरी), मधले दोन राहण्या-झोपण्याचे आणि मागचा स्वयंपाकाचा. आढ्याखाली मधल्या दोन खणांवर पोटमाळा काढला की धान्य, अंथरुणे आणि पोरांच्या अभ्यासाची सोय होते. न्हाणीघर व शौचालय लाकडी सांगाड्यात घेऊ नये. ते मागे चिऱ्याच्या भिंतींत वेगळे बांधावे. अशा घराच्या सांगाड्याला साधारण दोन घनमीटर लाकूड लागते. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एका घनमीटर सागवानाचे वजन ६५० किलोच्या आसपास धरले, तर या सांगाड्यात सुमारे साडेसहाशे किलो कार्बन घर टिकेल तोवर अडकून राहतो.

हे घर टिकते की कुजते ते पावसावर ठरते. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिमी पाऊस पडतो, तर मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट. पश्चिमेची झड भिंतीवर आडवी येते. म्हणून पाखे (छपराच्या उतरत्या बाजू) तीस अंशांच्या आसपास उताराचे, वळचण भिंतीपासून निदान तीन फूट पुढे आणि पश्चिमेला पडवी, एवढे तरी हवेच. जोते जांभ्या दगडाचे. खांब जमिनीत पुरायचा नाही, तो दगडी तळखड्यावर उभा करायचा, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीची माती लगेच दिसते. लाकूड भिजण्याने तितके बिघडत नाही जितके ते न सुकण्याने बिघडते, त्यामुळे फळ्यांच्या भिंतीमागे हवा खेळती ठेवणे कोणत्याही लेपापेक्षा महत्त्वाचे. पूर्वी चुलीचा धूर वासे सुके ठेवी आणि किडीला दूर ठेवी. गॅस आल्यावर हे संरक्षण गेले. त्याची जागा टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक आम्लाच्या द्रावणाने भरून काढता येते. मात्र ते पाण्यात विरघळत असल्याने आतल्या, कोरड्या भागालाच लावावे. काजूच्या टरफलाचे काळे तेलही जुने आणि गुणकारी. खानापूर-चंदगडचा काजू व्यवसाय पाहता ते इथे सहज मिळते. ते लावताना हातमोजे हवेतच, कातडी भाजते.

छपराला मंगळुरी कौल. खानापूरची माती कौले, विटा आणि मडकी यांसाठी प्रसिद्ध आहे. रिपांसह (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांसह) कौलांचे वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास भरते, तर चार इंची काँक्रीट स्लॅबचे सुमारे २५० किलो. छप्पर असे हलके असल्यामुळेच खांब बारीक चालतात. दरवर्षी मृगाआधी फुटकी कौले बदलून घ्यावी लागतात. हे काम चुकवणाऱ्याने लाकडी घर बांधूच नये.

लाकूड कोणते? सागवान, फणस, किंजळ, नाणा, जांभा (दगड नव्हे, झाड) हे इथले परिचित लाकूड. कोणत्याही जातीत गाभा टिकतो, सालीलगतचा पांढरा भाग लवकर पोखरतो. कापलेले लाकूड सावलीत रचून, इंचाच्या जाडीला साधारण एक वर्ष या अंदाजाने वाळवावे. पण नव्या सागवानापेक्षा मोडलेल्या जुन्या वाड्यांचे लाकूड अधिक चांगले: ते पुरते वाळलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. कूस-खिळीचे जोड (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खिळीने अडकवलेले) असतील तर ते न फाडता सुटते. लागवडीतला ऑस्ट्रेलियन बाभूळ फळ्यांना आणि दुय्यम कामांना चालतो. मेस किंवा चिवारीचे बांबू पावसाळ्यानंतर तोडून वाहत्या पाण्यात मुरवले की भुंगा कमी लागतो. भिंतींच्या कुडाला ते उत्तम. दूर देशाहून जहाजाने आलेले सागवान वापरून घराला पर्यावरणस्नेही म्हणणे मात्र पटण्याजोगे नाही.

रचनेच्या हिशेबासाठी आयएस ८८३ ही भारतीय मानक संहिता आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतील लाकूड व बांबूचे प्रकरण आधाराला आहे. लाकडाच्या जाती व टिकाऊपणा यांवर संशोधन करणारी लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था बंगळुरूमध्ये आहे.

जिल्ह्याच्या ईशान्येला, अथणीकडे, पाऊस कमी आणि इमारती लाकूड दुर्मिळ; तिथे माळवदी (सपाट मातीच्या छताच्या) घरांची परंपरा आहे आणि वरची रचना जशीच्या तशी लागू होत नाही.

कायद्याची बाजू सीमाभागात गुंतागुंतीची आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. तिथल्या झाडाला हात लावता येत नाही. खासगी जमिनीवरील तोडीला कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा, तर चंदगडच्या बाजूला महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. सागवानासारखा माल चंदगडहून खानापुरात आणायचा तर वाहतूक परवाना लागतो. त्यामुळे डोंगर एकच असला, तरी लाकूड कोणत्या गावच्या शिवारातून येणार हे आराखडा काढण्याआधीच ठरवावे लागते.