श्रीलंकेचे पर्यटन आणि कोलंबोतील सत्तासंघर्ष : पार्श्वभूमी

श्रीलंकेच्या पर्यटनाचा इतिहास बहुधा हल्ल्यांच्या तारखांनी सांगितला जातो. परंतु त्या तारखांच्या आधी कोलंबोच्या सत्तावर्तुळात काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय तो नीट उलगडत नाही. १९६६ मध्ये तेथे पर्यटन मंडळ स्थापन झाले आणि १९८२ पर्यंत वर्षाला चार लाखांहून अधिक परदेशी पर्यटक येऊ लागले. जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनी ही वाढ खुंटली. १९८७ मध्ये आकडा दोन लाखांच्याही खाली गेला. सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातील यादवी मे २००९ मध्ये संपली, त्यानंतर मात्र ओघ वाढत गेला आणि २०१८ मध्ये पर्यटकांची संख्या २३ लाखांपलीकडे पोहोचली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवासमार्गदर्शक प्रकाशनाने २०१९ साठी श्रीलंकेला पहिल्या क्रमांकाचा देश ठरवले, आणि लगेच २६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना हटवून महिंदा राजपक्षे यांची नेमणूक केली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबरमध्ये विक्रमसिंघे पदावर परतले, तरी सिरिसेना आणि त्यांच्यातील वितुष्ट मिटले नाही आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांपासून पंतप्रधानांना दूर ठेवले गेले. भारतीय गुप्तचरांनी ४ एप्रिल २०१९ पासून दिलेले इशारे या दुभंगलेल्या यंत्रणेत विरून गेले. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, तीन चर्च आणि कोलंबोतील तीन आलिशान हॉटेलांवर हल्ले होऊन अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. ही हानी निव्वळ दहशतवादाच्या खात्यावर मांडणे मला अपुरे वाटते.

मे महिन्यात पर्यटक आदल्या वर्षीपेक्षा ७० टक्क्यांनी घटले. या घसरणीत भीतीइतकाच वाटा परदेशी सरकारांच्या प्रवाससूचनांचा होता, कारण ‘अत्यावश्यक नसेल तर जाऊ नका’ असे सरकारने बजावले की सहसा प्रवासविमा लागू राहत नाही आणि सहलकंपन्यांना आरक्षणे रद्द करावी लागतात. ब्रिटनने जूनमध्ये सूचना शिथिल केली, श्रीलंकेने ऑगस्टपासून ४८ देशांच्या नागरिकांना व्हिसाशुल्क माफ केले आणि डिसेंबरपर्यंत आकडे जवळपास पूर्वपदावर आले.

त्यापाठोपाठ कोरोना आला. पर्यटनातून २०१८ मध्ये सुमारे ४४० कोटी डॉलर मिळाले होते; तो झरा आटणे आणि २०१९ अखेरची करकपात, यांनी परकीय चलनाची गंगाजळी रिकामी होण्यास हातभार लावला आणि इंधन आयातीला डॉलर उरले नाहीत. म्हणजे पर्यटनाची घसरण आता स्वतःच अस्थैर्याचे एक कारण बनली. मार्च २०२२ अखेरीस वीज तेरा-तेरा तास जाऊ लागली, पेट्रोलपंपांवर तीनचाकींच्या रांगा लागल्या आणि जुलैमध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना देश सोडून पळावे लागले. या वेळी संकटनिवारण जाहिरातींपुरते न राहता रोजच्या अडचणींपर्यंत पोहोचले : क्यूआर कोडवर इंधनाचा कोटा ठरला आणि पर्यटकांसाठी वेगळा इंधन पास काढण्यात आला.

२०१९ पेक्षा खरा फरक ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसला. अनुरा कुमार दिसानायके यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून सत्ता हाती घेऊन महिनाच झाला होता. पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बे या पर्यटनस्थळी हल्ल्याचा धोका असल्याची सूचना अमेरिकी दूतावासाने प्रसिद्ध केली, तेव्हा सरकारने धोका उघडपणे मान्य केला, तेथे मोठा पोलीस बंदोबस्त लावला आणि संशयितांना ताब्यात घेतले. हल्ला झाला नाही आणि त्या वर्षी पर्यटकांची संख्या पुन्हा २० लाखांवर गेली.