अंतराळवीरांचा डायपर आणि अंतराळातला संडास

अंतराळवीर डायपर घालतात हे खरं. पण म्हणून ते सहा-सहा महिने डायपरवरच काढतात असं अनेकांना वाटतं, ते खोटं. अंतराळ स्थानकावर व्यवस्थित संडास आहे, तोही एकापेक्षा जास्त. डायपर लागतो तो जागचं हलता येत नाही तेव्हा: उड्डाणात, परतीच्या प्रवासात आणि स्पेसवॉकला. 30 जानेवारी 2025 रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्थानकाबाहेर 5 तास 26 मिनिटं काम करत होते. त्याआधी सूट चढवून तयारीत जातात ते तास वेगळेच. मध्येच ‘जरा जाऊन येतो’ म्हणायची सोय नाही.

हा धडा नासाला 1961 मध्येच मिळाला होता. पहिल्या अमेरिकी अंतराळवीराचं, ॲलन शेपर्डचं, उड्डाण अवघं 15 मिनिटांचं, मग सोय कशाला करायची! पण यान सुटायलाच काही तास उशीर झाला आणि शेवटी बिचाऱ्याला सूटमध्येच उरकावं लागलं.

डायपरमध्ये सोडियम पॉलिअक्रिलेट असतं, बाळांच्या डायपरमध्ये असतं तेच. ते लघवी शोषून घट्ट जेल बनवतं. गुरुत्वाकर्षण असो वा नसो, त्याचं काही अडत नाही. संडासाचं मात्र अडतं. तिथे काहीच आपणहून खाली पडत नाही, म्हणून ते काम हवेकडे दिलंय. लघवीसाठी नळीला जोडलेलं नरसाळं, शौचासाठी छोटी सीट आणि तिच्याखाली पिशवी लावलेला डबा. पंखा हवा आत खेचतो, हवेबरोबर बाकीचंही जातं. पाय अडकवून बसायचं, नाहीतर माणूसच तरंगत सुटायचा. स्पेस शटलच्या संडासाचं भोक जेमतेम 10 सेंटिमीटरचं होतं, त्यामुळे नेमकं कसं बसायचं याचा सराव जमिनीवर करून घेत, तोही खाली कॅमेरा लावलेल्या सीटवर. 2020 मध्ये स्थानकावर पाठवलेल्या नव्या संडासात झाकण उचललं की पंखा आपोआप सुरू होतो. वास पसरू नये म्हणूनही ते बरं.

खरा फरक पुढे आहे. डायपरमधली लघवी डायपरसकट कचऱ्यात जाते. संडासातल्या लघवीचं पिण्याचं पाणी होतं. आधी तिच्यात आम्ल मिसळतात, मग ऊर्ध्वपातन, गाळणी, शुद्धीकरण. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात आणि त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. सुरुवातीला सल्फ्युरिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन यंत्रात खडे धरायचे. म्हणून पुढे फॉस्फरिक आम्ल आणलं. घाम आणि श्वासातली वाफही धरून 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. शौचाच्या पिशव्या मात्र मालवाहू यानात भरतात आणि त्या यानासकट वातावरणात जळून जातात.

कधी संडासच दगा देतो. नोव्हेंबर 2021 मध्ये स्थानकावरून परतणाऱ्या चौघांच्या ड्रॅगन यानातला संडास गळतीमुळे वापरता येत नव्हता. आठ तासांहून लांब प्रवास, आणि भिस्त सगळी डायपरवर.

आता दोन्हींची सांगड घालायचा विचार चाललाय. 2024 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे 8 किलोच्या पाठपिशवीचा नमुना मांडला. सूटमध्येच 500 मिलिलिटर लघवी गोळा करून ती पाचेक मिनिटांत पिण्याजोगी करते म्हणे. सध्याच्या सूटमध्ये पिण्याचं पाणी जेमतेम एक लिटर मावतं.