व्हिसा नाकारला किंवा देश सोडायचा आदेश आला, तर आधी हे वाचा

नकाराचं पत्र आलं की घरात पहिली सूचना येते, "पुन्हा टाकू अर्ज." मग तीच फी, तेच कागद आणि बहुतेक वेळा तेच उत्तर. अशा केसेसचे कागद तयार करणाऱ्या आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या ऑफिसात आम्ही सगळ्यात आधी विचारतो, पत्र कोणत्या तारखेला हातात पडलं? मुदत एकदा निघून गेली की बाजू कितीही भक्कम असली तरी ऐकून घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही.

प्रत्येक नकारावर अपील असतंच असं नाही. अमेरिकेने टूरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसा कलम २१४(ब) खाली, म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही म्हणून, नाकारला, तर अपील नाही; परिस्थितीत खरा फरक पडला असेल तर नवा अर्ज. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसालाही सहसा नाही, पण नवरा-बायकोच्या व्हिसाला आहे. भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस. कॅनडात बायकोला स्पॉन्सर केलं आणि अर्ज फेटाळला, तर अपील तिथे असलेल्या नवऱ्याने ३० दिवसांत करायचं. स्टडी परमिटला अपील नाही, मात्र फेडरल कोर्टाकडे निर्णय तपासण्याची परवानगी मागता येते. निर्णय कॅनडाबाहेरच्या ऑफिसात झाला असेल तर ६० दिवस, कॅनडात झाला असेल तर जेमतेम १५. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागायची सोयच बंद केली. आता नवा अर्ज किंवा थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. "फेरविचार करून आणतो" म्हणणारा एजंट भेटला तर पैसे देऊ नका.

खरा कस लागतो तो लग्नाच्या केसेसमध्ये. कांदेपोहे झाले, पत्रिका जुळली, दोन बैठका आणि दीड महिन्यात बार उडाला. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, तिथल्या अधिकाऱ्याला मात्र संशय येतो. त्यात विवाह प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख वेगळी, नोंदणीची वेगळी. अर्जात नोंदणीची तारीख पडली आणि मुलाखतीत मुलीने लग्नाची सांगितली की झालं! पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं, हा आणखी एक नेहमीचा घोळ. अशा फायलीत आम्ही स्थळ सुचवणाऱ्या मावशींचं प्रतिज्ञापत्र, हॉलची पावती, साखरपुड्याचे फोटो, कॉलचे रेकॉर्ड असं सगळं तारीखवार लावतो आणि मराठी कागदांचं प्रमाणित भाषांतर जोडतो. हॉलची जुनी पावती अल्बमभर फोटोंपेक्षा जास्त कामाला येते.

देश सोडायचा आदेश हे प्रकरण याहून नाजूक. कॅनडाच्या सर्वात सौम्य आदेशात निघायला ३० दिवस मिळतात, पण नुसतं विमानात बसून भागत नाही. निघताना सीमा अधिकाऱ्यांकडे नोंद करून घ्यावी लागते. ती राहिली तर आदेश हद्दपारीचा होतो आणि पुढे कधीही परत जायचं तर खास परवानगी काढावी लागते. अमेरिकेत सुनावणीची तारीख चुकवली तर न्यायाधीश गैरहजेरीतच आदेश देऊ शकतात. तारीख आली असेल, तर मुलाला आजच तिथला वकील गाठायला सांगा.

परदेशी कोर्टात आम्ही उभे राहत नाही, ते काम तिथल्या परवानाधारकाचं. आम्ही इथले कागद तयार करतो आणि त्यांच्याशी जोडून देतो. परवाना खरा आहे का, हे तुम्ही स्वतः तपासा. कॅनडातल्या सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या वेबसाइटवर असते, ब्रिटनमध्ये इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे. केस कच्ची असेल तर अपील करू नका, असंच आम्ही सांगतो. बँक स्टेटमेंट "बनवून" देण्याबद्दल मात्र विचारूही नका. कॅनडात खोट्या कागदाला ५ वर्षांची बंदी आहे.

पहिल्या भेटीला नकाराच्या पत्राची सगळी पानं, ते ज्या ईमेलने आलं त्याची प्रिंट आणि भरलेला अर्ज आणा. पासपोर्टची झेरॉक्स पुरते. मूळ पासपोर्ट आम्ही ठेवून घेत नाही.