माळव्यातली बैलजोडी: बखर, डोरा आणि संकरित गोऱ्हा

इंदूरच्या मराठी घरांत शेतीचा विषय निघाला की पहिला घोटाळा शब्दाचा होतो. 'यंदा बखर चालवली नाही' असं इथला माणूस म्हणाला, की पुण्याच्या पाहुण्याला पेशवाईचं बाड आठवतं. माळव्यातली बखर म्हणजे घाटावरचा कुळव आणि वऱ्हाड-खानदेशातला वखर: आडवं लाकडी दिंड (ओंडका), त्यात ठोकलेली दोन जानोळी (खुंट) आणि त्यांना अडकवलेली लोखंडी पास, म्हणजे माती कापणारं पातं. कोळप्याला इथे डोरा म्हणतात. 'औत' हा शब्द त्याहून अडचणीचा. जुन्या कागदांत तो कधी नुसत्या अवजारासाठी येतो, कधी बैलांसकट अवजारासाठी, तर कधी एका जोडीला वर्षभरात पेलेल एवढ्या जमिनीसाठी. 'चार औतांची जमीन' वाचून एकर काढायला बसू नये. जोडी धट्टीकट्टी की मरतुकडी, माती हलकी की भारी, यावर तो आकडा बदलणारच.

माळव्याच्या बैलशेतीत नांगराला दुय्यम मान होता. खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचा भुगा भेगांत पडतो, पावसात माती फुगून पुन्हा मिटते. खालीवर होण्याचं काम ती आपणच करते. म्हणून नांगर काही वर्षांतून एकदा, हरळी किंवा कुंदा माजला तर. बखर मात्र दरसाल, तीही चैत्र-वैशाखाच्या उन्हात. पावसाळ्यात बरीचशी भारी जमीन पडीक ठेवून, उघाडीत बखरून ओल धरायची आणि कार्तिकाच्या सुमाराला गहू-हरभरा पेरायचा, ही जुनी रीत.

हिशेबही त्याच बाजूचा आहे. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर सोसतो. ४०० किलोच्या दोन माळवी बैलांची ओढ ८० किलो, चाल ताशी अडीच किलोमीटर. म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या आतबाहेर. देशी नांगराची चर १५ सेंटिमीटरची, म्हणून एक एकर नांगरायला जोडी सुमारे २७ किलोमीटर चालते आणि वळणं-विसावे धरून सहा तासांत एकराचा तिसरा हिस्सा कसाबसा उरकतो. अर्ध्या मीटरच्या पाशीची बखर तेवढ्याच वेळात सव्वा एकर काढते. पास बोथट झाली किंवा पुढची धार वर उचलली गेली की ती तण कापण्याऐवजी वरून घसरते, आणि हाकणारा दिंडावर उभा राहून वजन टाकतो. हा उपाय बैलांच्या मानेवर जातो.

संस्थानी काळात बैलाची दुसरी कमाई शेणमुताची होती. इंदूरच्या शेती-संशोधन केंद्रात १९२४ ते १९३१ या काळात बसवलेली खताची पद्धत आज जगभर शहराच्याच नावाने ओळखली जाते. ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा. त्यात काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती. १६ दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी पालटणी. तीन महिन्यांत खत तयार. या पद्धतीचा पाया गोठ्यातली मातीची जमीन हा होता. पुढे लोकांनी हौसेने गोठ्यात फरशी घातली आणि मूत गटारात सोडलं.

ट्रॅक्टरचा पहिला मोठा प्रवेश स्वातंत्र्याच्या सुमाराचा, आणि तो कांस या चिवट गवतामुळे. कांसाची मुळं इतकी खोल जातात की बखर फक्त शेंडे छाटते आणि गवत दुप्पट फुटतं. महायुद्धातून उरलेली यंत्रं घेऊन सरकारी पथकांनी मध्य भारतातली कांसाची रानं उलथली. तिथे बैलाची हार झाली हे मान्यच करावं लागेल. पण ते काम एकदाचं होतं. दरसालच्या कामाला तेव्हा कुणी हात लावला नाही.

खरा वादाचा निर्णय १९६० च्या दशकातला. दूध वाढवण्यासाठी गावठी गाईंना जर्सी आणि होल्स्टीनचं रेतन द्यायचं धोरण आलं. माळवी गाय दुधाला बेताची, वासराला पाजून घरच्या चहापुरती. शहराला दूध हवं होतं. पन्नास टक्के वासरं गोऱ्हे निघणार, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर असं मिळालं की संकरित बैल अंगाने भारी, म्हणून ओढही जास्त. शेतकऱ्याला सवय नाही इतकंच.

वजनाचा मुद्दा खोटा नाही. कार्तिकात, सकाळच्या गारव्यात संकरित जोडी गव्हाची पेरणी चांगली करते. अडचण जुवाची आणि उन्हाची आहे. आपलं जू वशिंडाच्या पुढे मानेवर टेकतं. ओढ पडली की मागे सरकून वशिंडाला अडतं, आणि दोन्ही बाजूंच्या शिवळा (जुवातल्या खुंट्या) त्याला जागेवर ठेवतात. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही किंवा नावापुरतं. जू थेट फऱ्याच्या हाडावर येतं. ते मागे जाऊ नये म्हणून जोतं (गळ्याखालचा पट्टा) आवळलं की गळा दाबला जातो, बैल घोरायला लागतो आणि चरीतच बसतो. मग त्याला आळशी ठरवून पराणी टोचतात. त्यात आषाढातली ओली मान; दोन-तीन दिवसांत खांदा सुजतो. सुजलेल्या खांद्याला दहा-पंधरा दिवस जू लावू नये, आणि पेरणीचा वाफसा तर आठवड्याचा. तेल-हळद चोळून जुंपलं की आत पू होतो आणि पुढे कायमचं आवाळू राहतं.

उन्हाचा हिशेब धोरण आखणाऱ्यांनी केला असता तर बरं झालं असतं. माळव्यातली बैलांची कामं दोन वेळा दाटून येतात: वैशाखातली बखरणी आणि मृगानंतरची दमट उकाड्यातली पेरणी-डोरणी. संकरित बैल नेमका याच दिवसांत धापा टाकतो, तोंडातून लाळ गाळतो. माळवी बैल उन्हात रवंथ करत उभा राहतो.

यावर गळपट्टा सुचवला गेला. पेंढा भरलेला हा पट्टा ओढ मानेवरून दोन्ही खांद्यांवर वाटून देतो, कल्पना उत्तम. पण तो प्रत्येक जनावराच्या मापाचा लागतो, भिजला की कडक होतो, आणि गावात सुतार होता, असं चामड्याचं काम करणारा क्वचितच. मग शेतकऱ्यांनी सरळ वाट धरली: कालवड ठेवायची, गोऱ्ह्याला दूध तोडायचं.

सोयाबीन १९७० च्या दशकात आलं आणि पावसाळ्यातली पडीक गेली. तोवर पेरणीला दिवस सापडत. आता चार इंच पाऊस झाला की सगळ्या गावाला एकाच वेळी पेरायचं असतं. भाड्याच्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक इथे मिळालं. त्याहून मोठा फटका चाऱ्याला बसला. ४०० किलोचा बैल रोज दहा किलो सुका चारा खातो. जोडीला वर्षाला ७३ क्विंटल. ज्वारीचा कडबा एकरी २५ क्विंटल धरला तरी जवळजवळ तीन एकरांचा कडबा जोडीलाच लागतो. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. त्याची पानं शेतातच झडतात आणि उरतं ते काडीसारखं कुटार, जनावर नाक लावून सोडून देतं. गव्हाच्या कापणीला हार्वेस्टर आल्यावर भुसाही हातचा गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गावोगावची राखीव चरनोई (गायरान) कमी करून जमिनी भूमिहीनांना वाटल्या गेल्या. वाटप न्यायाचं असेल, चारा मात्र आटला. मध्य प्रदेशच्या २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आल्यावर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि नव्या जोडीला लागणारा तो हातभारही थांबला.

पाच एकरवाल्याकडे बैल टिकला तो डोऱ्यामुळे. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पहिली डोरणी, महिनाभराने दुसरी. ओळींत अंतर ४५ सेंटिमीटर असेल तर एका जुवाला दोन डोरे लागतात, पास नऊ ते बारा इंचांची. जू नांगराच्या जुवापेक्षा लांब हवं आणि दोन बैलांमधलं अंतर ओळींच्या पटीत, बहुधा १३५ सेंटिमीटर. पाच-सात सेंटिमीटर चुकलं की एक बैल सगळा दिवस ओळीवर पाय देत चालतो. तोंडाला मुसकं बांधायचं, नाहीतर शेंडे जातात. रान वाफशावर असेल तेव्हाच डोरा चालवायचा. ओल्यात चालवला तर पाशीला गोळे चिकटतात आणि तण उपटून पुन्हा रोवलं जातं.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला मात्र ३० ते ३५ सेंटिमीटरची ओळ सोयीची वाटते, आणि त्या ओळीत बैल मावत नाही. ज्याने भाड्याने पेरलं त्याने तिथेच डोरा सोडला. मागोमाग उभ्या पिकातली तणनाशकं आलीच. पेरणीआधी यंत्रवाल्याकडून फण सरकवून ४५ ला बसवून घेणारे अजूनही आहेत. ते जोडी भाड्याने आणून डोरतात. एकेक बैल असलेले दोन शेजारी वारंगुळ्याने जोडी जमवत, ते आता दुर्मीळ.

२०१९ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश पावणेपाच कोटींच्या आत आला. २०१२ च्या तुलनेत घट सुमारे तीस टक्के, आणि त्याच काळात गाई वाढल्या. आता लिंगनिश्चित रेतनमात्रा गावात पोचल्या आहेत, ज्यातून दहापैकी नऊ वासरं कालवडीच होतात. जोडी हवी असणारा इंदूरकर घाट उतरून निमाडात जातो. तिथला तांबडा, पांढऱ्या ठिपक्यांचा निमाडी गोऱ्हा आदत (दुधाच्या दातांचा) असतानाच घ्यावा लागतो; दुसा (दोन पक्क्या दातांचा) होईपर्यंत थांबलं तर दुसऱ्याच्या दावणीला गेलेला असतो. घेताना आधी वशिंडावर हात ठेवून पाहायचं, खूर नंतर.