उंबरठा ओलांडणारा दुसरा माणूस

रोझा पार्क्स यांची गोष्ट बहुतेकांना शाळेत असल्यापासून माहीत असते. १ डिसेंबर १९५५. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. दिवसभराच्या कामाने थकलेली, शिवणकाम करणारी एक कृष्णवर्णीय बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देते, पोलीस तिला अटक करतात आणि सगळा समाज पेटून उठतो. ३८१ दिवस बसवर बहिष्कार.

ही गोष्ट सांगताना एक तारीख नेहमी गळते. त्याच वर्षी २ मार्चला, त्याच शहरात, त्याच कारणासाठी क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला पोलिसांनी बसमधून ओढून काढलं होतं, तिच्या हातात बेड्या घातल्या होत्या. शहर तेच, कायदा तोच, लोकही तेच. राग तेव्हाही होता. बहिष्कार मात्र झाला नाही.

मग नऊ महिन्यांत बदललं काय?

‘लोक सहन करत राहिले आणि एक दिवस कडेलोट झाला’ हे उत्तर आपल्या तोंडावर तयारच असतं. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा दाबून ठेवला आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकाभर मोर्चे निघाले, तेव्हाही हेच उत्तर दिलं गेलं. मला ते पटत नाही. राग म्हणजे काही चुलीवरचं पाणी नव्हे, की शंभर अंशांना आपोआप उकळावं. संतापलेली माणसं वर्षानुवर्षं घरात बसून राहतात, कारण बाहेर पडायची किंमत खरी असते. मॉन्टगोमेरीत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी ती किंमत म्हणजे नोकरी. तिच्या मनात रोज एकच प्रश्न असायचा: मी आंदोलनात उतरले, तर माझ्याबरोबर अजून कोण असेल?

या प्रश्नाला गणिताचं रूप दिलं मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, १९७८ मध्ये. त्याची कल्पना मराठीत सांगायला विशेष सोपी, कारण तिच्यासाठी लागणारा शब्द आपल्याकडे घराच्या दारातच आहे: उंबरठा. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो. किती जण आधीच उतरलेले दिसले की हा माणूस उतरेल, तो आकडा म्हणजे त्याचा उंबरठा. काहींचा शून्य, कुणी नसलं तरी ते एकटे उभे राहतात. काहींचा पाच, काहींचा पन्नास. उंबरठा मोठा म्हणजे माणूस भित्रा, असं मुळीच नाही. ज्याला गमवायचं जास्त, त्याचा उंबरठा मोठा.

आता समजा, एका चौकात शंभर माणसं आहेत आणि त्यांचे उंबरठे आहेत ०, १, २, ३ असे क्रमाने ९९ पर्यंत. शून्यवाला पुढे होतो. त्याला पाहून एकवाला. दोघांना पाहून दोनवाला, तिघांना पाहून तीनवाला. बघता बघता शंभरच्या शंभर रस्त्यावर.

शेजारच्या चौकातही शंभर माणसं आहेत. सगळं अगदी तसंच, फक्त ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ आहे. शून्यवाला पुढे होतो, इकडेतिकडे पाहतो. एकावर समाधान मानणारा कुणीच नाही. तो एकटाच उभा राहतो. निदर्शनं संपली.

दोन्ही चौकांतल्या रागाची सरासरी काढली, तर फरक जवळजवळ शून्य येईल. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं मात्र लिहितील, की पहिल्या चौकात ‘जनक्षोभ उसळला’ आणि दुसऱ्यातली जनता ‘उदासीन’ आहे. हे उदाहरण मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा कागद-पेन घेऊन आकडे मांडून पाहिले होते. शंभर आणि एक यांच्यातलं अंतर केवळ एका माणसाचं, तेही पहिल्या नव्हे, दुसऱ्या माणसाचं.

खरे उंबरठे असे शिस्तीत रांगेत उभे नसतात. म्हणून ग्रॅनोव्हेटरने पुढची पायरी घेतली. ती जरा नेटाने वाचावी लागेल, पण सोडू नका. आडव्या अक्षावर मांडा ‘आत्ता किती जण उतरले आहेत’. उभ्या अक्षावर मांडा ‘तेवढे दिसल्यावर एकूण किती जण उतरायला तयार होतील’. ही झाली एक वक्ररेषा. आता कोपऱ्यातून ४५ अंशांची सरळ रेषा ओढा. वक्ररेषा सरळ रेषेच्या वर आहे तोवर दर फेरीला माणसं वाढत जातात. ती सरळ रेषेला जिथे पहिल्यांदा छेदून खाली जाते, तिथे आंदोलन थांबतं. उंबरठ्यांची सरासरी २५ धरा आणि त्यांची विभागणी परिचित घंटेच्या आकाराची. उंबरठे एकमेकांपासून किती पसरलेले आहेत, म्हणजे त्यांचं प्रमाण विचलन किती, एवढंच हळूहळू बदलत न्या. ते १२.२ च्या आसपास येईपर्यंत आंदोलन शंभरातल्या सहाएक माणसांपाशीच अडकून राहतं. त्याच्या किंचित पुढे गेलात, की वक्ररेषा सरळ रेषेपासून सुटते आणि आकडा सहावरून जवळपास शंभरावर उडी मारतो. सरासरी राग होता तेवढाच आहे. पसरण थोडीशी वाढली आणि सुरुवातीच्या पायऱ्या भरल्या गेल्या, एवढंच.

म्हणून ‘लोक किती चिडले आहेत’ याची पाहणी करून मोर्चा किती मोठा होईल ते सांगता येत नाही. आंदोलन बांधणारे कार्यकर्ते राग तयार करत नाहीत, तो त्यांना आयता मिळालेला असतो. त्यांचं काम असतं मधल्या गळलेल्या पायऱ्या शोधून बसवण्याचं. कोणाला कोण दिसेल याची मांडणी करणं, हेच त्यांचं शास्त्र.

मॉन्टगोमेरीत पायऱ्या कशा बसवल्या गेल्या ते पाहा. पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिका आपल्या महाविद्यालयात गेल्या. सोबत एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. सायक्लोस्टाईल यंत्रावर त्यांनी रात्रभर पत्रकं काढली. एका कागदावर तीनदा तोच मजकूर, मग कापून तीन तुकडे, असे हजारो. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढाच निरोप. हे काही झटक्यात सुचलेलं नव्हतं. त्यांच्या महिला राजकीय परिषदेने मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. रोझा पार्क्सही ‘साधी थकलेली बाई’ नव्हत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या शहर शाखेच्या त्या सचिव होत्या, तिथल्या तरुणांच्या गटाच्या मार्गदर्शक होत्या आणि त्याच उन्हाळ्यात आंदोलनाच्या प्रशिक्षण शिबिरालाही जाऊन आल्या होत्या. चर्चमध्ये त्यांना ओळखणारे वेगळे, संघटनेत वेगळे. कोल्विनच्या प्रकरणात नेत्यांनी विचार करून थांबायचं ठरवलं होतं. तिचं वय हे त्यामागचं एक कारण. ज्या खटल्याने पुढे बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्यात मात्र वादी म्हणून क्लॉडेट कोल्विन होती. तिचं नाव त्या गोष्टीतून गळावं याचं मला फार वाईट वाटतं.

पत्रकाने निरोप पोचतो, पण तेवढ्याने पुरत नाही. मला पत्रक मिळालं हे मला माहीत आहे. शेजारणीला मिळालं हे मला माहीत आहे का? मला मिळाल्याचं तिला माहीत आहे का? एखादी गोष्ट प्रत्येकाला माहीत असणं आणि ती प्रत्येकाला माहीत आहे हेही प्रत्येकाला माहीत असणं, या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. रविवारी ४ डिसेंबरला चर्चच्या व्यासपीठांवरून घोषणा झाली, तेव्हा पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाणं घडलं. बाकावर बसलेल्या बाईने निरोप ऐकला आणि शेजारची तो ऐकताना पाहिली. त्याच सकाळी शहरातल्या वर्तमानपत्रानेही बहिष्काराची बातमी छापून टाकली.

तरीही सोमवारी काय होईल याची खात्री कुणालाच नव्हती. सव्वीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग आदल्या रात्री म्हणत होते, साठ टक्के लोकांनी साथ दिली तरी जिंकलो. पहाटे सहाच्या सुमारास पत्नी कोरेटा यांनी त्यांना घाईने खिडकीशी बोलावलं. त्यांच्या घरावरून जाणारी बस एरवी कामावर निघालेल्या बायकांनी भरलेली असायची. ती रिकामी होती. पाठोपाठ दुसरी आली, तीही रिकामी. रिकामी बस ही उंबरठ्याच्या भाषेत विलक्षण गोष्ट आहे: ती साऱ्या शहरभर फिरते आणि प्रत्येक थांब्यावर सांगत जाते, की बाकीचे आंदोलनात उतरले आहेत.

त्यात भर घातली पोलिसांनी. कृष्णवर्णीयांच्या टोळ्या प्रवाशांना धमकावतील, असं गृहीत धरून त्यांनी बसमागे मोटरसायकलस्वार लावले. द्विधा मनाने थांब्यावर उभ्या असलेल्यांनी मागचे पोलीस पाहिले आणि बसमध्ये चढायचा विचार सोडून दिला.

इथे गर्दीबद्दलच्या एका जुन्या समजुतीचा समाचार घ्यायला हवा. गर्दीत माणसाची बुद्धी गहाण पडते, तो कळपातलं मेंढरू होतो, असं फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बॉं यांनी १८९५ मध्ये मांडलं आणि आजही ते शास्त्र म्हणून सांगितलं जातं. पुरावा उलट दिशेला जातो. एप्रिल १९८० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, सेंट पॉल्स या मोठी कृष्णवर्णीय वस्ती असलेल्या भागात, पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. जमावाचा रोख पोलिसांवर होता, येणाऱ्याजाणाऱ्यांवर नव्हता. आणि पोलीस भागाबाहेर गेल्यावर जमाव त्यांच्यामागे शहरभर धावला नाही. गर्दीला स्वतःच्या मर्यादा ठाऊक होत्या. रायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पुढचं काम सांगतं, की पोलिसांनी शांत, संतप्त, बघे अशा सगळ्यांना एकच समजून सरसकट बळ वापरलं, की ते सगळे खरोखरच एक होतात. म्हणजे एका फटक्यात शेकडो उंबरठे खाली येतात.

उंबरठ्याच्या गणितात एक त्रुटी आहे: प्रत्येकाला सगळे दिसतात, असं ते धरून चालतं. खऱ्या आयुष्यात आपल्याला आपलीच माणसं दिसतात. डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी या समाजशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं, की जोखमीची कृती सर्दीसारखी पसरत नाही. सर्दीला एक शिंक पुरते. जोखमीच्या कृतीला दोन-तीन वेगवेगळ्या ओळखीच्यांकडून दुजोरा लागतो. त्यामुळे दूरच्या एका ओळखीवरून बातमी पोचते, पण माणूस हलत नाही. समाजमाध्यमांनी क्रांती घडवली, असं म्हणणारे नेमकं हेच विसरतात. फ्लॉइड यांच्या मृत्यूबद्दल पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय घटना’ असं म्हटलं होतं; सतरा वर्षांच्या मुलीने काढलेल्या व्हिडिओने ते खोडून काढलं आणि सगळ्यांना एकच गोष्ट माहीत करून दिली. तो व्हिडिओ नसता तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. पण व्हिडिओ पाहिल्यावर रस्त्यावर जाताना माणसं गेली ती मैत्रिणीबरोबर, भावाबरोबर, चर्चच्या गटाबरोबर.

याचा जुना आणि नेटका पुरावा १९६४ चा आहे. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी करायला बाहेरून विद्यार्थी जाणार होते. काम जिवावरचं होतं; सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांचे खून झाले आणि त्यात स्थानिक पोलिसांचा हात होता. निवड झालेल्यांपैकी ७२० जण गेले, २३९ जणांनी माघार घेतली. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॲडम यांनी वीसएक वर्षांनी त्यांचे मूळ अर्ज काढून वाचले. मूल्यं, तळमळ, वंशद्वेषाविषयीची चीड यांत गेलेले आणि न गेलेले सारखेच होते. फरक होता तो एवढाच, की जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे जवळचे मित्रही जाणार होते.

आणखी एका आकड्याबद्दल सावध करतो, कारण तो मोर्च्यांच्या फलकांवरही दिसतो: ‘साडेतीन टक्के लोक उतरले की विजय नक्की.’ राज्यशास्त्राच्या अभ्यासक एरिका चेनोवेथ यांच्या संशोधनातून तो आला, पण ते निरीक्षण राजवट उलथवणाऱ्या किंवा स्वातंत्र्य मागणाऱ्या जुन्या चळवळींबद्दलचं आहे. पोलीस सुधारणेच्या मागणीला ते जसंच्या तसं लावता येत नाही. तो आकडा मंत्रासारखा जपू नये, असं स्वतः चेनोवेथ यांनीही सांगितलं आहे.

मॉन्टगोमेरीचा बहिष्कार एका दिवसासाठीच होता. तो पुढे चालवायचा का, हे ठरवायला सोमवारी संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर हजारो माणसं ध्वनिक्षेपकावर कान लावून उभी. गुप्त मतदान घेतलं असतं, तर प्रत्येकाला फक्त स्वतःचं मत कळलं असतं. शहरातले एक धर्मोपदेशक राल्फ ॲबरनॅथी यांनी ठराव वाचला आणि बाजूने असणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं. बसलेले सगळे उठले. जागा न मिळाल्याने जे आधीपासून उभेच होते, त्यांनी हात वर केले.