बँटिंग यांनी इन्शुलिनचं पेटंट घेतलंच नव्हतं? खुलासा

‘बँटिंग यांनी पेटंट न घेता इन्शुलिन जगाला फुकट दिलं’ हा फॉरवर्ड मधुमेह दिनाला हमखास फिरतो. बँटिंग म्हणजे इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, कॅनडातले डॉक्टर. भावना चांगली, माहिती चुकीची.

पेटंट घेतलं होतं. १९२३ मध्ये अमेरिकेत ते बँटिंग आणि त्यांचे सहकारी संशोधक बेस्ट व कॉलिप या तिघांच्या नावे मंजूर झालं. डॉक्टरने औषधाचं पेटंट घ्यावं हे बँटिंग यांना पटत नव्हतं, म्हणून आधी त्यांनी नाव द्यायला नकार दिला होता. मग तिघांनी ते टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला विकलं. ‘फुकट’ची दंतकथा बहुधा इथलीच.

विद्यापीठाला पेटंट हवं होतं ते दुसऱ्या कुणी मक्तेदारी करू नये आणि भेसळीचा माल विकू नये म्हणून. प्रयोगशाळेत पुरेसं इन्शुलिन बनेना, तेव्हा मे १९२२ मध्येच एली लिली या अमेरिकन औषध कंपनीशी करार झाला. वर्षभर अमेरिकेत तिला एकटीला हक्क, पुढे इतरांनाही परवाने. रॉयल्टी संशोधनाकडे वळली. लिलीने मात्र ‘आयलेटिन’ हे आपलं ब्रँडनाव रेटलंच. कंपनी ती कंपनीच!

ते पेटंट केव्हाच संपलं. आजच्या नव्या इन्शुलिनांवरची आणि इन्शुलिन टोचायच्या पेनांवरची पेटंटं वेगळी, कंपन्यांनी घेतलेली.