टायरची नक्षी वेळेआधी गेली? गोव्यात भरपाईचा अर्ज नेमका कुठे अडतो

मोटारसायकलच्या टायरची नक्षी वेळेआधी झिजली, खाचांच्या तळाशी चिरा पडल्या किंवा रबराचे तुकडे सुटू लागले, तर टायर कंपनीकडे भरपाई मागता येते. दोष बनावटीतला हवा. पंक्चर, काप, खड्ड्यात बसलेला मार यात येत नाही. प्रक्रिया साधी आहे: विक्रेत्याकडे टायर न्यायचा, क्लेमचा फॉर्म भरायचा, मग कंपनीचा तंत्रज्ञ तपासतो. तरीही पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोक रिकाम्या हाताने परत येतात, ते बहुतेक बिलापायी.

दुकानदार बिलावर ‘टायर १ नग’ एवढंच लिहितो. त्यावर टायरच्या बाजूला उमटवलेला क्रमांक हवा. त्यातले शेवटचे चार आकडे बनावटीची तारीख सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. बिल नसेल तर अनेक कंपन्या वॉरंटीची मुदत या आठवड्यापासून मोजतात आणि दुकानात पडून राहिलेल्या टायरचे महिने तुमच्या खात्यातून जातात. म्हणून टायर बसवतानाच क्रमांक बिलावर लिहून घ्या, दुकानदार कंटाळला तरी. नव्या गाडीसोबत आलेल्या टायरला वेगळं बिल नसतं. तिथे गाडीचं बिल आणि आरसीची प्रत द्या. शोरूम ‘आमचा संबंध नाही’ म्हणून टायर कंपनीकडे बोट दाखवते. त्यात वेळ घालवू नका, कंपनीच्या विक्रेत्याकडे जा.

दुसरी अडचण तपासणीची. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा सपाट झाला तर जास्त होती, पुढचा टायर लाटांसारखा झिजला तर शॉकअप्सर बघा, हे निकष खरे आहेत. पण ‘हवेमुळे झालं’ हे तोंडी ऐकून घरी येऊ नका. नाकारल्याचं कारण लेखी मागा, नसेल देत तर ईमेल करून मागा. टायर देण्याआधी खाचेत रुपयाचं नाणं उभं करून, क्रमांक दिसेल असे फोटो काढा. दावा नाकारला तर टायर परत घ्या, भंगारात देऊ नका. दावा मान्य झाला तरी नवा टायर फुकट मिळतोच असं नाही. साधारणपणे उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात सूट मिळते. ६ मिमीतली ३ उरली तर किमतीच्या निम्म्याच्या आसपास.

कंपनी ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. २०१९च्या कायद्यात मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही, आणि इथेच चांगले दावे मरतात. आयोग टायर प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते, तेवढी तयारी ठेवा.

मोटारसायकल पायलटांना, म्हणजे गोव्यात दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांना, कुणीतरी सांगतं की धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही. पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा कायद्याने ग्राहकच आहे. भाड्याने देण्यासाठी दहा-बारा गाड्या ठेवणाऱ्याला मात्र ही सवलत मिळणं कठीण. पायलट असाल तर बॅज आणि परमिटची प्रत तक्रारीला जोडा.